मराठवाड्यातून मुंबईला रॉक कॉन्सर्टला जायचंय? आधी परतीचं बघा

कॉन्सर्टचं तिकीट मिळालं की ग्रुपवर दोन दिवस नुसता दंगा असतो, कोणता टीशर्ट, कोण कोण येणार, पण परतीचं कुणीच काढत नाही. आणि खरा घोळ तिथंच होतो. मोकळ्या मैदानातला शो साधारण रात्री १० ला आटोपतो कारण लाऊडस्पीकरचा नियमच तसा आहे, आणि आपली देवगिरी काय किंवा लातूरची गाडी काय, मुंबईहून नऊ-साडेनऊच्या आसपासच सुटतात. म्हणजे मेन बँड ऐन रंगात आणि गाडी दादर सोडून पुढं. बहुतेक ट्रॅव्हल्सपण त्याआधीच निघालेल्या असतात. म्हणून एक रात्र मुंबईत काढायचीच असं धरून चाला.

रेल्वेचं बुकिंग ६० दिवस आधी उघडतं, शो मात्र कितीतरी महिने आधी जाहीर होतो, तेव्हा ती तारीख मोबाईलमध्ये टाकून ठेवा. शनिवारचा शो असेल तर शुक्रवारी संध्याकाळी-रात्री नांदेड, परभणी, जालना, संभाजीनगरवाल्यांनी देवगिरी पकडायची, सकाळी मुंबई. लातूरकरांना त्यांची रात्रीची गाडी आहेच. रविवारी परतीला पहाटे उठणं जमत असेल तर तपोवन (सहा-सव्वासहाला निघते, मला तरी जमत नाही), नाहीतर दुपारची वंदे भारत. लातूरवाल्यांना रात्रीपर्यंत थांबावं लागतं, ते मुंबई फिरून घेतात. वेळा मात्र निघायच्या आधी ॲपवर एकदा बघाच.

सकाळी उतरल्यावर बॅग क्लोकरूममध्ये टाका, पण बॅगेला कुलूप पाहिजे, त्याशिवाय घेत नाहीत. घरून धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी आणली असेल तर ती दुपारपर्यंत संपवून टाका, गेटवर खायचं काही आत सोडत नाहीत. सीएसएमटीवरून चालत धोबी तलावला जा, तिथं १९०४ पासूनचं कयानी आहे, बनमस्का आणि चहा घ्या, आणि शेजारीच फुर्टाडोस, गिटारचं दुकान. विकत काही घ्यायचं नसलं तरी तास कसा जातो कळत नाही. बाकी गेटवे, चौपाटी वगैरे त्या दिवशी नको. संध्याकाळी चार-पाच तास उभं राहायचंय, पाय आधीच मोडून ठेवू नका.

मोठे शो बरेचदा महालक्ष्मी रेसकोर्सवर असतात, २०२३ चं पहिलं भारतातलं लोलापलूझा (मोठा म्युझिक फेस्टिव्हल) तिथंच झालं, गन्स एन रोझेस हा अमेरिकन रॉक बँड पण १७ मे २०२५ ला तिथंच वाजवून गेले. धोबी तलावजवळच्या मरीन लाईन्सवरून स्लो लोकल पकडा, फास्ट महालक्ष्मीला थांबत नाही. आणि मे महिना असेल तर आपल्याला उन्हाची सवय आहे या भ्रमात राहू नका, आपल्याकडचं ऊन कोरडं, तिथं घाम वाळतच नाही. ओआरएसची दोन पाकिटं खिशात असू द्या, आत नेऊ देतात का ते तेवढं नियमांत बघा. पॉवर बँक, पाण्याची बाटली, मोठी बॅग यांचेही नियम शोगणिक बदलतात. तिकिटाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, गर्दीत नेटवर्क मरतं, आणि चुकामूक झाली तर कुठं भेटायचं ते आत शिरल्या शिरल्याच ठरवा.

आता उभं कुठं राहायचं. सगळे रेटून पुढं जातात, पण आवाज ऐकायचा असेल तर मैदानाच्या मधोमध साउंडवाल्यांचा तंबू असतो त्याच्या थोडं पुढं उभं राहा. इंजिनिअर तिथूनच ऐकून आवाज जुळवत असतो, त्यामुळं बेस आणि गाणं दोन्ही नीट वेगळं कळतं. स्पीकरच्या तोंडाशी नुसता दणका बसतो. मेडिकलमध्ये फोमचे इअरप्लग मिळतात, ते घाला, कुणी हसलं तर हसू द्या. डब्ल्यूएचओनं २०२२ साली कान बिघडू नयेत म्हणून अशा कार्यक्रमांसाठी आवाजाची १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या आत ठेवा म्हणून सांगितलंय, यावरून काय ते समजा.

शो सुटला की टॅक्सीच्या नादी लागू नका, भाडं ऐकून घाम फुटतो. मुक्काम दादरला घेतला असेल तर महालक्ष्मीवरून लोकलनं तिसरं स्टेशन. लॉजला मात्र उशिरा येणार म्हणून आधीच फोन करून सांगा आणि ओरिजिनल आधार जवळ ठेवा, काही ठिकाणी मोबाईलमधलं चालत नाही.