पोएमची तारीख मिळाली की

अ‍ॅकलेशियाच्या पेशंटला 'आदल्या रात्री दहानंतर काही खाऊ नका' एवढं सांगून भागत नाही. या आजारात अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप गिळताना सैल पडत नाही, आणि नलिकेलाही घास खाली ढकलायची ताकद उरलेली नसते. खाल्लेलं वरच साचतं. काल खाल्लेल्या पोळीचे तुकडे आज दुर्बिणीत दिसतात. पोट रिकामं असलं तरी अन्ननलिका भरलेली असू शकते, आणि भूल देताना तेच वर येऊन फुप्फुसात उतरण्याचा धोका असतो. म्हणून पोएमची, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून ती आवळलेली झडप सैल करण्याच्या उपचाराची, खरी तयारी स्वयंपाकघरातच होते.

पातळ आहार किती दिवस, हे डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. बहुतेक ठिकाणी एक ते तीन दिवस सांगतात, नलिका फार फुगली असेल तर जास्त. पातळ म्हणजे मऊ भात नव्हे, खिमट नव्हे, दुधात कुस्करलेली पोळी तर नव्हेच. भाताची पेज, मुगाचं कढण, टोमॅटोचं सार, ताक, सगळं गाळणीतून काढलेलं. शेवटच्या दिवशी बहुधा ज्यातून आरपार दिसतं तेच चालतं: नारळपाणी, मीठ-साखरेचं पाणी, अगदी निवळ कढण. मधुमेह असेल तर यातलं काय आणि किती, हे आधी विचारा. घरात एक आजी किंवा मावशी असतेच, जिला हे बघवत नाही आणि जी 'चमचाभर वरणभाताने काय होतंय' म्हणत ताट पुढे करते. तिला कारण नीट समजावून सांगा, नाहीतर ती तुमच्या नकळत भरवणार. साचलेलं अन्न निघालं तर डॉक्टर आधी ते खेचून काढत बसतात, किंवा तारीख पुढे ढकलतात. एंडोस्कोपीत पांढरे चट्टे, म्हणजे बुरशीचा संसर्ग दिसला असेल तर त्याचं औषध आधी पूर्ण करायचं. झोपताना उशाकडची बाजू उंच ठेवा, रात्री उशी ओली होत असेल तर जास्तच.

गोळ्यांची यादी करा, कारण ओपीडीत अर्धी नावं आठवत नाहीत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कधी थांबवायच्या हे हृदयाच्या डॉक्टरांनी आणि पोएम करणाऱ्यांनी मिळून ठरवायचं. स्टेंट असेल तर मनाने एकही बंद करू नका. मधुमेहाच्या काही गोळ्या तीन-चार दिवस आधीच थांबवाव्या लागतात, तेव्हा साखरेची आणि वजनाची साप्ताहिक इंजेक्शनं धरून सगळं सांगा. मोठी गोळी अडकते म्हणून ती कुटून घ्यायची सवय लागली असेल तर तेही सांगा: हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली गोळी कुटायची नसते. सिरप मिळतंय का ते विचारा.

फाइलमध्ये मॅनोमेट्रीचा, म्हणजे अन्ननलिकेतला दाब मोजणाऱ्या तपासणीचा रिपोर्ट सगळ्यांत वर ठेवा. त्यात आजाराचा टाइप १, २ की ३ ते लिहिलेलं असतं, आणि टाइप ३ मध्ये स्नायू जास्त लांबपर्यंत कापावा लागतो. मग बेरियम पाजून काढलेल्या एक्स-रेच्या फिल्म, एंडोस्कोपी, आधी झडप फुग्याने ताणली असेल, बोटॉक्स दिलं असेल किंवा ऑपरेशन झालं असेल तर त्याचे कागद. मेडिक्लेमच्या प्री-ऑथसाठी, म्हणजे कंपनीच्या आगाऊ मंजुरीसाठी, याच झेरॉक्स लागतात. आधारवरचं आणि पॉलिसीवरचं नाव जुळतंय का ते आधी बघा, लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांच्या बाबतीत घोळ इथेच होतो. सरकारच्या महात्मा फुले योजनेतून करायचं असेल तर रेशन कार्ड घेऊन हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, आधी भेटा.

बाहेर एकही टाका नसतो, म्हणून नातेवाईक याला 'नुसती एंडोस्कोपी' म्हणतात. तसं नाही. २००८ मध्ये जपानच्या डॉ. हारुहिरो इनोउए यांनी माणसावर पहिल्यांदा केलेल्या या पद्धतीत अन्ननलिकेच्या अस्तराला आतून छेद देतात, अस्तराखाली बोगदा करत खाली जातात, आवळलेला स्नायू कापतात आणि छेद क्लिपा लावून बंद करतात. भूल पूर्ण असते. त्यामुळे हलणारा दात, कवळी, दमा, मागे झालेला न्यूमोनिया भूलतज्ज्ञांना सांगायलाच हवा. कापायला विजेचा प्रवाह वापरतात, म्हणून मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या घरीच काढून ठेवा. नेलपॉलिशही.

सही करण्याआधी एक प्रश्न विचाराच: नंतरच्या आम्लपित्ताचं काय? २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या तुलनेत दोन वर्षांनी पोएम आणि दुर्बिणीच्या हेलर ऑपरेशनचं (यात पोटाला छोटी भोकं पाडून तोच स्नायू बाहेरून कापतात) यश जवळजवळ सारखंच होतं, ८३ आणि ८२ टक्के. पण आम्लाने अन्ननलिकेला आलेली सूज दोन वर्षांनी पोएमनंतर ४४ टक्क्यांत, तर हेलरनंतर २९ टक्क्यांत दिसली. माझ्या मते एवढ्यावरून पोएम टाळायची गरज नाही. पण ॲसिडिटीची गोळी बराच काळ चालेल हे घरात आधीच माहीत असलेलं बरं.

ठाण्यात घोडबंदर रोडवर राहत असाल आणि सकाळी सातला बोलावलं असेल तर आदल्या संध्याकाळीच अ‍ॅडमिट होता येतं का बघा. उपाशी, धास्तावलेला पेशंट कापूरबावडीच्या सिग्नलला अडकवून ठेवण्यात काही अर्थ नाही. सोबत असा एक जण हवा जो दिवसभर फोन उचलेल आणि सही करेल. बाकीच्यांनी घरी थांबावं.

दुसऱ्या दिवशी बहुधा औषध पाजून एक्स-रे काढतात, गळती नाही ना ते बघतात, मग पाणी सुरू होतं. मानेची कातडी दाबल्यावर कुरकुरली तर ती आत शिरलेली हवा असते. बहुतेक वेळा आपोआप जिरते, तरी नर्सला दाखवा. घरी मिक्सर, गाळणी, मऊ भाताचे तांदूळ तयार असू द्या, कारण काही दिवस पातळ आणि मग मऊ असंच चालतं. ताप, वाढत जाणारी छातीतली कळ, धाप, रक्ताची उलटी किंवा काळी शी, यातलं काहीही दिसलं तर फोनवर सल्ला मागत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. क्लिपा आपोआप पडून जातात, पण तोवर एमआरआय काढायची वेळ आली तर तिथे क्लिपांबद्दल सांगा. आणि काही महिन्यांनी बोलावलेली एंडोस्कोपी 'आता गिळता येतंय' म्हणून चुकवू नका. आम्लाची सूज पुष्कळदा काहीही त्रास न देता वाढते.