पोकेमॉन गो फेस्टला निघण्याआधी

गो फेस्ट हा पोकेमॉन गो या मोबाइल गेमचा मोठा उत्सव. त्याचा ग्लोबल दिवस, म्हणजे जगात कुठूनही खेळता येतो तो दिवस, सकाळी 10 ते संध्याकाळी 6 असा सलग खेळ. त्यात सगळ्यात आधी दगा देते ती बॅटरी. जीपीएस, डेटा आणि सतत चालू असलेली स्क्रीन, तिन्ही मिळून ती खातात. म्हणून पॉवर बँक हवीच, पण तिच्यावरचा आकडा नीट समजून घ्या: 10,000 एमएएचच्या पॉवर बँकेतून 5,000 एमएएचचा फोन दोनदा भरत नाही, जेमतेम दीड वेळा भरतो; बाकीची वीज व्होल्टेज बदलताना उष्णतेत जाते. दिवसभर खेळायचं तर 20,000 ची घ्या. केबल वीतभर लांबीची पुरे, लांब केबल चालताना अडकते आणि पिन सैल होते.

फोन तापला की चार्जिंग मंदावतं, खेळही अडखळतो. दुपारी चार्जिंगला लावून उन्हात फिरू नका. मुंबईत असाल तर शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर झाडांची सावली आहे, तिथे बसून चार्ज करा. एआर मोड (कॅमेऱ्यातून पोकेमॉन समोर उभा असल्यासारखा दाखवणारी सोय) बंद ठेवा, तो बॅटरी खातो.

आदल्या रात्री घरच्या वायफायवर अपडेट उरका आणि नकोसे पोकेमॉन ट्रान्सफर करून, म्हणजे गेममधून कायमचे देऊन टाकून, जागा मोकळी करा. साठवण भरली की नवा पोकेमॉन पकडताच येत नाही, आणि ऐन गर्दीत घाईघाईने साफसफाई करताना चांगला शायनी (वेगळ्या रंगाचा दुर्मीळ पोकेमॉन) हातचा जातो. हे काम खरंच रात्रीच करा.

पाणी, टोपी घ्याच. रस्ता ओलांडताना मात्र फोन खिशात.