महासाथीचा मृत्युदर वाचताना

एकाच विषाणूचा मृत्युदर कुणी ३.४ टक्के सांगतो, कुणी ०.१. दोघेही खोटं बोलत असतील असं नाही. आधी भागाकारात खाली काय धरलंय ते बघा. मार्च २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनासाठी दिलेला ३.४ हा आकडा नोंद झालेल्या रुग्णांवरचा होता. चाचणीच न झालेले त्यात नाहीत, म्हणून दर फुगतो.

असे सुटलेले पकडायला अँटिबॉडी सर्वेक्षण लागतं; अँटिबॉडी म्हणजे संसर्ग होऊन गेल्याची रक्तातली खूण. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन वॉर्डांत झोपडपट्टीतल्या ५७ टक्के लोकांत अँटिबॉडी सापडल्या, इतरत्र १६ टक्के. खालचा आकडा कितीतरी पट वाढला, दर ०.०५ ते ०.१० टक्के निघाला. इथेच लोक घाई करतात. वरचा आकडाही तपासा: घरी झालेले, कारण न नोंदलेले मृत्यू सुटतात. साथीच्या महिन्यांतल्या एकूण मृत्यूंतून आधीच्या पाच वर्षांच्या त्याच महिन्यांची सरासरी वजा करा; उरतील ते जादा मृत्यू.

लाट चढत असताना तर दर काढूच नका. मृत्यू दोन-तीन आठवडे मागून येतात. २०२० च्या सुरुवातीला जपानच्या बंदरात अडकलेल्या डायमंड प्रिन्सेस या प्रवासी जहाजावर कोरोनाचे ७१२ बाधित. मृत्यू आधी ७, पुढे डझनाच्या वर. शिवाय प्रवासी बरेचसे म्हातारे. तो दर तरुण वस्तीला जसाच्या तसा लावू नका, वयोगटवार काढा.