विमानाच्या पार्टला उशीर का होतो? उद्यमबागवाल्यांनो, या चुका टाळा

आपल्या बेळगावात उद्यमबाग, मच्छे, होनगा इकडं डिफेन्सचं काम घेणारे वाढतायत, चांगलंच आहे, पण पार्ट लेट झाला की सगळ्यात आधी मशीनवरच्या पोराला धरतात. अहो, पार्ट मशीनवर असतो किती वेळ? बाकीचे दिवस तो कुठंतरी नुसता पडून असतो आणि कुठं पडलाय हे कोण लिहून ठेवत नाही. सगळ्यात मोठी चूक हीच. रूट कार्डावर, म्हणजे पार्टबरोबर फिरणाऱ्या कामांच्या यादीवर, प्रत्येक ऑपरेशन झाल्याची तारीख असते, पण पार्ट त्या टेबलावर आला कधी ते नसतं. दोन्ही लिहा. मग जुनी कार्डं काढून बसा, बहुतेक वेळा उशीर इन्स्पेक्शनच्या रांगेत नाहीतर बाहेर प्लेटिंगला (धातूचा मुलामा द्यायला) पाठवलेल्या मालात सापडतो. प्लेटिंग, हीट ट्रीटमेंट हे मान्यता असलेल्याकडूनच करून घ्यावं लागतं, शेजारच्या गाळ्यात देऊन चालत नाही, म्हणून तिथला नंबर ऑर्डर आल्याच दिवशी लावा. हत्तरगीच्या सेझमध्ये (विशेष आर्थिक क्षेत्रात) मशिनिंग, फोर्जिंग, सरफेस ट्रीटमेंट एकाच आवारात आणलंय त्याचा मोठा फायदा हाच, ने-आण वाचते.

आता कापणीचं बघा. धातूच्या बारच्या एका टोकाला हीट नंबर, म्हणजे तो धातू कुठल्या ओतीचा ते सांगणारा नंबर, मारलेला असतो आणि घाईत तेच टोक आधी कापलं जातं, मग उरलेला बार कुठल्या सर्टिफिकेटचा हे सिद्ध करता येत नाही, चांगला माल असून वापरता येत नाही आणि नवीन टायटॅनियम यायला महिने जातात. कापायचं नेहमी नंबर नसलेल्या बाजूनं, आणि प्रत्येक तुकड्यावर नंबर लगेच उतरवून घ्यायचा.

ड्रॉइंगचं रिव्हिजन (सुधारित आवृत्ती) जुनं आहे का ते माल कापायच्या आधी बघा. डीजीएक्यूएची, म्हणजे लष्करी विमानांच्या मालाचा दर्जा बघणाऱ्या सरकारी खात्याची, तपासणी लागणार असेल तर तारखेचं बोलणं आधीच सुरू करा, पार्ट पॅक करायला घेतल्यावर नको.

खरेदी करणाऱ्यांचीही एक चूक आहे, ऑर्डर तुटक तुटक द्यायची. आपल्या तेजस लढाऊ विमानाच्या एफ-४०४ इंजिनांचं काय झालं? आधीची ६५ इंजिनं २०१६ पर्यंत देऊन झाली, पुढची ऑर्डर नव्हती म्हणून ती बनवणाऱ्या अमेरिकेच्या जीई कंपनीनं लाइन बंद केली, २०२१ मध्ये ९९ इंजिनांची ऑर्डर गेली आणि त्यातलं पहिलं मिळालं २०२५ च्या मार्चमध्ये. बंद लाइन उठवायची म्हणजे सप्लायर परत गोळा करण्यापासून सुरुवात. बुशसारख्या छोट्या पार्टचंही तसंच असतंय, तो मशीनवर धरून ठेवणारं फिक्श्चर मोडीत गेलं की संपलं. निदान पुढच्या वर्षाचा अंदाज तरी आपल्याला द्या म्हणून मागं लागा.

पार्ट वेळेत आला नाही की एका विमानाचा काढून दुसऱ्याला लावायचा, हेही जगभर चालतं. त्यात काढायचं-बसवायचं काम दुप्पट होतं आणि टंचाई कागदावर दिसतच नाही.

आणि सगळ्याच ऑर्डरींवर अर्जंट लिहून आलं तर गप्प बसू नका. सरळ फोन लावून विचारा, साहेब, यातल्या कुठल्या पार्टपायी विमान उभं आहे? तो आधी मशीनवर घ्या आणि बाकीच्यांची खरी तारीख त्याच दिवशी कळवून टाका.