कॅमशाफ्ट बदलताय? हेड उतरवण्याआधी टॅपेटची वही काढा

इंदूरला देवास नाक्यावर कॅमशाफ्टचं (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचं) नाव काढलं की मिस्त्री पाना उचलण्याआधीच म्हणतो, "भाई साहब, लगे हाथ हेड भी करवा लो." हेड म्हणजे इंजिनचं वरचं झाकण, व्हॉल्व्ह त्यातच बसतात. हे 'लगे हाथ' मला दोनदा महागात पडलं. पहिल्यांदा ऐकलं म्हणून, दुसऱ्यांदा ऐकलं नाही म्हणून.

माझी गाडी टाटा १२१० ट्रक, इंजिन ६९७. सहा सिलिंडर आणि ९७ मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरचा व्यास), म्हणून ६९७. यात कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये असतो. त्याच्या उंचवट्यांचा, म्हणजे लोबचा, धक्का टॅपेट, पुशरॉड आणि रॉकरमधून वर व्हॉल्व्हला पोचतो. म्हणजे कॅमचं दुखणं खालचं, हेडचं वरचं. एक बिघडलं म्हणून दुसरंही बिघडलेलंच असेल असं नाही.

वही हवी ती इथे. टॅपेट सेट करताना आधी जुनी क्लिअरन्स (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट) फीलर गेजने, म्हणजे मापाच्या पातळ पट्ट्यांनी, मोजून लिहायची, मगच स्क्रूला हात लावायचा. बाराही व्हॉल्व्ह, दरवेळी, इंजिन थंड असताना. मिस्त्री कंटाळतो, कंटाळू द्या. एखाद्या व्हॉल्व्हची क्लिअरन्स पुनःपुन्हा वाढत असेल तर बहुधा टॅपेटचं तोंड झिजतंय, आणि ते एकटं झिजत नाही, कॅमलाही खातं. (लॉकनट ढिला नाही ना आणि रॉकरच्या टोकाला खड्डा पडला नाही ना, हे आधी बघा. खड्ड्यावरून फीलरची पट्टी सरळ जाते आणि खोटा आकडा देते.) क्लिअरन्स कमी होत असेल, तर व्हॉल्व्ह सीटमध्ये (मिटल्यावर तो टेकतो त्या कड्यात) धसतोय. तो वर सरकतो आणि रॉकरला भिडू लागतो.

गंमत अशी की झिजलेला कॅम टकटक करून बोंब मारतो, पण सीट धसली की इंजिन उलट शांत होतं. दुसऱ्यांदा मी तिथेच फसलो. "आता कशी गोड चालते!" म्हणत फक्त कॅम बदलला आणि गाडी धुळ्याच्या फेऱ्यांना लावली. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नव्हता. मिटला नाही की त्याची उष्णता सीटमध्ये उतरत नाही. बिजासन घाट चढता चढता तो जळाला.

वहीलाही एक गोष्ट दिसत नाही. क्लिअरन्स घेतात ती लोबच्या गोल पाठीवर; त्याचं नाक, म्हणजे उंच टोक, झिजलं तर आकडा हलतही नाही. त्यासाठी पुशरॉडवर डायल गेज लावून उचल मोजा. इनलेटची तुलना इनलेटशी, एक्झॉस्टची एक्झॉस्टशी.

आता हेडची परीक्षा, न उतरवता. कंप्रेशनच्या आकड्यावर एकट्यावर विसंबू नका. कॅम झिजला असेल तर इनलेट पुरता उघडत नाही, हवा कमी भरते आणि बिचाऱ्या हेडवर आळ येतो. त्यापेक्षा पिस्टन कंप्रेशनच्या टोकाला आणा, दोन्ही व्हॉल्व्ह बंद, गाडी गिअरमध्ये, चाकांना ओट. डिझेल फवारणारं नोझल काढून त्याच्या भोकातून कंप्रेसरची हवा सोडा आणि कान लावा. सायलेन्सरमध्ये फुसफुस म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर फिल्टरकडे म्हणजे इनलेट. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा तडा. ऑइल भरायच्या तोंडातून हवा येत असेल तर रिंगा गेल्यात. हेडवर खर्चलेला पैसा तिथे उपयोगाचा नाही.

रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी सुरू होताना निळा धूर सोडत असेल, तर व्हॉल्व्हच्या गाइडवर (व्हॉल्व्हची दांडी सरकते त्या नळीवर) संशय घ्या.

यातलं काहीच नसेल आणि तुमच्या इंजिनात टॅपेट हेड न काढता निघत असतील, तर हेड सोडा तिथेच. पहिल्यांदा मी निरोगी हेड उघडलं. लेथवाल्याने सीट इतक्या खोल कापल्या की व्हॉल्व्ह आत बुडाले, कंप्रेशन उतरलं आणि डिसेंबरात गाडी सकाळी धक्क्याशिवाय उठेना. उघडावंच लागलं तर व्हॉल्व्हची खोली डेप्थ गेजने काम देण्याआधी आणि नंतर स्वतः मोजा. सीट आणि नोझलच्या भोकामधल्या पट्टीत तडा शोधा. हेड वाकलं नसेल तर उगाच घासू देऊ नका.

टॅपेट मात्र नवेच. जुना टॅपेट जुन्या लोबशी घासून बसलेला असतो, नव्याला तो ओरबाडून टाकतो. लोबचा चुरा कुठेतरी गेलेलाच असतो, तेव्हा ऑइलचं चेंबर खोलून बेअरिंग बघा. नव्या लोबना पेस्ट चोपडा, आणि स्टार्ट झाल्यावर पहिली वीस मिनिटं आयडलवर ठेवू नका, रेस थोडी वरच हवी. तेवढा वेळ मिस्त्रीला चहाला पाठवा, नाहीतर आवाज ऐकायला म्हणून तो रेस खाली आणतोच.