हतनूरच्या पाण्यावर गळ टाकताना

भुसावळजवळच्या हतनूर धरणावर हौसेखातर गळ टाकायचा असेल, तर प्रथम परवानगीचे पाहावे. जलाशयातील मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, त्यामुळे काठावरच्या मच्छीमारांना विचारल्याशिवाय दोरी सोडू नये.

सामान फार लागत नाही. मध्यम ताकदीचा रॉड, साधे रील, ०.३० मिमी जाडीची नायलॉन दोरी, तरंगा, शिशाचे वजन आणि दोन-तीन आकारांचे गळ पुरतात. महागड्या रॉडपेक्षा आमिषाकडे लक्ष देणे अधिक फायद्याचे ठरते. रोहूसाठी कणकेत शेंगदाण्याची पेंड बारीक कुटून मिसळावी आणि थोडे थोडे पाणी घालत ती घट्ट मळावी. गोळा बोटाने दाबल्यावर चिरत असेल तर तो फेकतानाच गळून पडतो आणि फार सैल असेल तर पाण्यात लगेच विरघळतो. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी, म्हणून तरंगा व गळ यांतील अंतर त्यानुसार बदलावे. मरळ हवी असल्यास काठालगतच्या पाणवनस्पतींजवळ गांडूळ लावावे.

खानदेशातील उन्हाळ्यात दुपारी काठावर बसण्यात अर्थ नाही. पहाट किंवा सांजवेळ गाठावी. पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडतात तेव्हा खालच्या पात्रात मुळीच उतरू नये. हिवाळ्यात येथे स्थलांतरित पक्षी उतरतात, म्हणून तुटलेली दोरी काठावर न टाकता घरी आणावी. सोबत कुटुंब असेल तर तापी-पूर्णेच्या संगमावरील चांगदेव मंदिरही त्याच फेरीत पाहून होते.