आठवीच्या वर्गाला बर्मिंगहॅम कसं शिकवाल

तारखांनी सुरुवात करू नका. मी गिरगावात इतिहास शिकवते. आधी फळ्यावर दोन नळ काढते, एकावर ‘गोरे’, दुसऱ्यावर ‘काळे’ लिहिते. वर्ग गप्प होतो. मग सांगा: अमेरिकेतलं अलाबामा राज्य, त्यातलं बर्मिंगहॅम शहर, एप्रिल १९६३. काळ्यांच्या समान हक्कांसाठी लढणारे मार्टिन ल्यूथर किंग या शहरात आंदोलनाला आले आणि १२ तारखेला त्यांना अटक झाली.

आंदोलन का करतोय हे सांगणाऱ्या किंगच्या पत्राला भरपूर वेळ द्या. तुरुंगात त्यांनी ते वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडांवर लिहायला घेतलं. मुलांना रद्दीतला पेपर द्या, कडेवर लिहू दे. जागा संपत जाते, अक्षर बारीक होतं. तुरुंग हाताला कळतो.

मे महिन्यात शाळकरी मुलं मोर्च्यात उतरली, त्यांच्यावर पाण्याचे जोरदार फवारे मारले, कुत्रे सोडले. हे लपवू नका.

कुणीतरी विचारतंच, “बाई, आपल्याकडे?” तेव्हा महाडचं चवदार तळं सांगा, २० मार्च १९२७. एकदा एक मुलगी म्हणाली, “माझ्या आजीच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे.” अशा वेळी तास संपला तरी तिला बोलू द्या.

नंतर ग्रँट रोड स्टेशनहून चालत गावदेवीला मणिभवनात न्या, मुंबईत गांधीजी उतरायचे त्या घरी. १९५९ मध्ये किंग तिथे राहिले होते.